सालीत रंगवलेली गंजी

२१ नोव्हेंबर १९८८, सोमवार

वागळे इस्टेटमधल्या तिसऱ्या कंपनीनेही "कळवू" म्हटलं, तेव्हा कळेपर्यंत घरी बसून राहायचं नाही असं ठरवलं. आजपासून कलावतीबाईंच्या दुकानात लागले. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला, बाजाराच्या रस्त्यावर. तिथे बायकांचे आतले कपडे मिळतात. हे लिहिताना हात अडखळला, म्हणून मुद्दाम नावं घेऊन लिहिते: बॉडी, परकर, निकर, आणि थंडी आली की लोकरीचे इनर. नवऱ्यांसाठी गंज्याही ठेवतात, कारण त्याही बायकाच घ्यायला येतात.

दामाजीकाका म्हणाला, "फिजिक्स शिकून परकर विकनार काय गो, मालन?" बाबा हसले नाहीत. आई म्हणाली, "मालकीन बाईच हाय ना? मंग झाला."

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. त्या पदवीचा उपयोग प्रयोगशाळेतच व्हावा असं कुठे लिहिलंय? रोज अंगाला लागणारी वस्तू घेताना बाईने चोरासारखं का उभं राहायचं? मी हे बदलणार. निदान ह्या एका दुकानात.

२३ नोव्हेंबर

एक बाई म्हणाल्या, "लग्नात चौतीस होता, तोच द्या." त्यांच्याबरोबर त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी होती. माप घेऊ का म्हटलं तर म्हणाल्या, "मापाला काय धाड भरलीय?" आणि चौतीस घेऊन गेल्या.

कलावतीबाईंनी मला मागे बोलावून काम समजावलं. वय साठीच्या पुढे, बोलणं अगदी शुद्ध. "आधी स्टुलावर बसवायचं, पाणी द्यायचं. मग आपण खोक्यांकडे बघत बोलायचं, तिच्या तोंडाकडे नाही. पडदा पूर्ण ओढायचा. काचेत फक्त रुमाल आणि स्वेटर. अठ्ठावीस वर्षं असंच चाललंय."

मला हे पटलं नाही. खोक्यांकडे बघत बोलल्याने लाज जाते कशी? ती तर मुरते.

२६ नोव्हेंबर, शनिवार

आज मोठी चूक केली. कलावतीबाई बँकेत गेल्या होत्या. मी खडूने फळा लिहिला, "लग्नसराईसाठी उबदार आतले कपडे. माप घेऊन मिळतील. लाज बाळगू नका, विचारा," आणि पायरीवर उभा केला.

दीड तास एकही गिऱ्हाईक आत आलं नाही. फळ्यासमोर मात्र चार पुरुष उभे राहून वाचत होते. एक जण मोठ्याने वाचत होता. नेहमीच्या दोन गिऱ्हाईकबाई फळा बघून सरळ पुढे निघून गेल्या. बाई परत आल्या, त्यांनी फळा उचलला, ओल्या फडक्याने पुसला आणि म्हणाल्या, "अक्षर छान आहे तुझं." एवढंच.

२९ नोव्हेंबर

मला वाईट वाटतं ते एकाच गोष्टीचं. आई अजून दुकानात आलेली नाही. तिची मासळीची जागा इथून तीनशे पावलांवर आहे. दुपारी माल संपला की ती टोपली घेऊन ह्याच रस्त्याने कोपरीला घरी जाते, पण पलीकडच्या बाजूने. आज कलावतीबाईंनी विचारलं, "समोरच्या औषधवाल्यापाशी रोज एक बाई थांबते, इकडे बघत असते. कोण गं ती?" मी म्हटलं, माझी आई. पहाटेपासून उठलेली असते, विसावा घेत असेल.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी उगाचच खोकी नीट लावायला घेतली.

आईला माझ्या कामाची लाज वाटते, हे उघड आहे. आधी घरातली लाज घालवायला हवी.

१ डिसेंबर, गुरुवार

आज खरं काम आलं. डोंबिवलीहून उत्तरा आणि तिची आई आल्या. उत्तरा शाळेत शिक्षिका आहे, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. पंचवीस तारखेला नाशिकला लग्न. सकाळचं कार्यालयात, नऊवारीत, त्याची काळजी नाही. संध्याकाळचं रिसेप्शन मात्र उघड्या मैदानावर. साडी सासूबाईंनी स्वतः निवडलेली, मोतिया रंगाचं क्रेप, अगदी झुळझुळीत. ब्लाउजला मागे खोल गळा.

उत्तराची आई कुजबुजत म्हणाली, "हिला गार वारा सोसत नाही हो. अंगावर पित्त उठतं. मानेवर, हातांवर लाल चट्टे. डॉक्टर म्हणाले गारठ्यापासून जपा, दुसरं काही नाही. पण सासरी कळता कामा नये."

"शाल घेतली तर?" मी विचारलं.

"नवरी शाल पांघरून उभी? लोक म्हणतील, आजारी मुलगी गळ्यात मारली."

उत्तरा स्टुलावरून पुढे वाकली. ती म्हणाली, "मला दिसायचं वगैरे काही नाही. तीन तास चट्टे न उठता उभं राहायचंय, बस."

मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, तुम्ही नवऱ्याला सरळ सांगून टाका. ती हसली. "तुमचं लग्न ठरलं की मला हे पुन्हा सांगा."

पण मी तिला शब्द दिला. चट्टे उठणार नाहीत आणि आत काही घातलंय हे कुणाला दिसणार नाही.

६ डिसेंबर

परकराचं कोडं सुटलं. फ्लॅनेलचा परकर ऊब देतो, पण क्रेप त्याला चिकटतं आणि चालताना साडी पायात चढते. मग मी सुचवलं, बाहेरून सॅटिन, आतून फ्लॅनेल, तेही गुडघ्यापर्यंतच, म्हणजे खाली घेर फुगत नाही. कलावतीबाईंनी त्यात भर घातली. नाडीच्या गाठीचा उंचवटा पातळ साडीत दिसतो, म्हणून नाडीऐवजी सपाट पट्टा आणि कडेला हूक. शिवून झाल्यावर त्या म्हणाल्या, "फिजिक्स वाया गेलं नाही हो." दिवसभर तेच आठवत होतं.

११ डिसेंबर, रविवार

उत्तरा माप द्यायला आली. वरच्या अंगासाठी मी लोकरीचं इनर निवडलं, दुकानातलं सर्वांत बारीक विणीचं. तिला समजावून सांगितलं की लोकरीच्या धाग्यांत हवा अडकते, स्थिर हवेतून उष्णता बाहेर जात नाही, म्हणून लोकर सर्वश्रेष्ठ. गळा कापून ब्लाउजच्या आत बसवू. ती म्हणाली, "तुम्ही शिकवता छान."

पांढरं इनर मोतिया ब्लाउजच्या आत दिसायला नको, तरी दिसत होतं. पांढऱ्याखाली पांढरं घातलं तर चालतं असा सगळ्यांचा समज असतो, माझाही होता. उलट ते उठून दिसतं. कातडीच्या रंगाचं हवं. तसं लोकरीत मिळत नाही. बघू.

१५ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. बाजारात मासळीला गिऱ्हाईक नाही, आई बारालाच परत निघाली. औषधवाल्यापाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी होती. मी हात केला. तिनेही हात केला आणि लगेच चालू लागली.

१८ डिसेंबर, रविवार

वाईट दिवस.

उत्तराने घरी दोन तास इनर घालून बघितलं. आज सकाळी तिची आई एकटीच आली आणि पडद्यामागे न जाता काउंटरवरच बोलली. "वारा नव्हता, थंडी नव्हती, तरी उठलं. लोकरीनेच उठलं. गळ्यापासून कमरेपर्यंत. काल रात्रभर कॅलामाइन लावत बसलोय." ओरडली नाही. इनर काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली, "सात दिवस राहिलेत."

मी पुस्तक वाचलं होतं. तिची कातडी कशी आहे हे विचारलंच नव्हतं.

बाई म्हणाल्या, "चूक माझीही. मी तुला विचारायला हवं होतं." घरी आले तर जेवण उतरेना. आई म्हणाली, "काय झाला गो?" मी म्हटलं, "तुला नाही कळायचं." तिने ताट झाकून ठेवलं.

१९ डिसेंबर, सोमवार

पहाटे चारला जाग आली. आई धक्क्यावर माल आणायला निघायची तयारी करत होती. चुलीपाशी पाठमोरी उभी राहून कपडे बदलत होती. मी नेहमी तोंडावर पांघरूण घेते. आज घेतलं नाही.

चोळीच्या आत तिने गंजी घातली होती. पुरुषाची, बिनबाह्यांची. एक नाही, एकावर एक दोन, पार जुन्या, मऊ झालेल्या. आणि उलट्या, म्हणजे पुढची बाजू पाठीवर. मी बावीस वर्षं ह्या घरात राहते, आणि माझी आई बर्फाच्या पेटीपाशी सात-सात तास बसताना आत काय घालते हे मला माहीत नव्हतं.

"डोले फाडून काय बगतंस? तुज्या बापाची गंजी हाय."

"दोन कशाला?"

"येकीनी थंडी भागत नाय. दोन पातल घातल्या की मधी ऊब रहाते. जाड येक घातली त नाय रहात."

स्थिर हवा! मी अंथरुणावर उठून बसले. "आणि उलटी का?"

"म्होरं वाकून मासली कापायची. गंजीचा गला म्होरं खोल असतो. मंग खोल बाजू पाटीवर घ्यायची."

उत्तराच्या ब्लाउजचा गळा पाठीवर खोल आहे. पुरुषाची गंजी उलटी घातली की तिचाही. मी आईचा हातच धरला. तिला सगळं सांगितलं, पित्त, लोकर, मोतिया क्रेप, सासूबाई. ती टोपलीवर फडकं बांधत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "लोकर टोचनारच. आन नवी गंजीपन टोचतय. आधी तिला मारायची."

२० डिसेंबर

मारायची म्हणजे धोपटायची. कलावतीबाईंनी कालच चार नव्या गंज्या काढून दिल्या, सर्वांत बारीक सुताच्या. आईने त्या उकळत्या पाण्यातून काढून धोंड्यावर आपटल्या, वाळवल्या, पुन्हा उकळल्या. सहा वेळा. आज दुपारी हातात घेतल्या तर लहान मुलाच्या दुपट्यासारख्या लागल्या.

रंगाचं बाबांनी सोडवलं. मी चहाच्या पाण्यात बुडवू म्हणत होते. बाबा म्हणाले, "चहा धुतल्यावर जातो." माळ्यावर चढून त्यांनी एक गाठोडं काढलं, ऐनाची साल. नायलॉन यायच्या आधी सुती जाळी ह्याच सालीच्या पाण्यात उकळून रंगवायचे. "ही तुज्या आज्याच्या वक्ताची हाय. जाल्याचा रंग बारा म्हैने खाऱ्या पान्यात टिकायचा, तुज्या नवरीचा तीन तास टिकंल."

खाडीत मासे कमी झाले म्हणून बाबा सहा वर्षं कारखान्यात वॉचमन आहेत. आज ते तास दीड तास पातेल्यापाशी बसून होते. जाळीला गडद लागतो, इथे फिका हवा, म्हणून एक-एक गंजी बुडवून लगेच वर काढत, उजेडात धरत. चारही गव्हाळ निघाल्या, चौथी अगदी हवी तशी. "ही बग, नवरी."

वाळत घालायला मी अंगणातली दोरी सोडवली, तर आईने हातातून पातेलंच घेतलं. "आपल्या घरान नको. तुज्या बाईच्या गच्चीवर घाल." आमच्या अंगणात ऊन छान येतं. पण ती ऐकेना.

२२ डिसेंबर, गुरुवार

उत्तरा आली. काल एक गंजी देऊन रात्री ती घालून झोपायला सांगितलं होतं. एकही चट्टा नाही!

कलावतीबाईंनी गळे कापून ब्लाउजच्या रेषेच्या आत अर्ध्या बोटावर शिवले, ब्लाउजच्या खांद्याला आतून टिचबटणं लावली, म्हणजे पट्टा सरकून बाहेर यायला नको. दोन गंज्या, वर बॉडी, वर ब्लाउज. उत्तरा आरशात वळून वळून बघत राहिली. "दिसत नाही."

तिची आई म्हणाली, "कुठल्या कंपनीचं आहे हो?" मी सांगणार होते, पण बाईंनी खोक्यांकडे बघत म्हटलं, "आमच्याकडे करून घेतो." उरलेली जोडीही जास्तीची म्हणून बरोबर दिली. उत्तराने मला लग्नाला यायचंच म्हणून सांगितलं. साडी तिला मीच नेसवायची.

२६ डिसेंबर, सोमवार

काल लिहायला वेळच मिळाला नाही. सगळं नीट लिहिते.

नाशिकला संध्याकाळी सातला तोंडातून वाफ निघत होती. मैदानाला एका बाजूने कनात नव्हतीच, वारा सरळ स्टेजवर. उत्तरा खुर्चीपुढे उभी, मोतिया क्रेपमध्ये, पाठ उघडी. मी पायऱ्यांशी उभी राहून तिची मान बघत होते. आठ वाजता उजव्या कानामागे एक चट्टा उठला.  दर पाच मिनिटांनी बघत राहिले. तो एकच राहिला.

साडेआठला फोटोसाठी सासूबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि दचकल्या. "अगं, तुझे हात गरम कसे?" त्या स्वतः पैठणीत कुडकुडत होत्या. फोटो झाला तशा त्या आम्हा दोघींना घेऊन मागच्या खोलीत आल्या आणि कडी लावली.

"तू हिच्याबरोबर ठाण्याहून आलीस ना?" मला म्हणाल्या. "खरं सांग. आत काय घातलंय हिने?"

खरं सांगणं हे माझं तत्त्व आहे. मी तोंड उघडलं, आणि मिटलं. हे खरं माझं नव्हतं.

मग उत्तराच म्हणाली, "आई, मला गारठ्याने अंगावर पित्त उठतं. लहानपणापासून. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं." आणि सगळं सांगितलं. ती त्यांच्या तोंडाकडे बघून बोलत होती.

सासूबाई पलंगावर बसल्या. "आणि मी मेली, उठून दिसेल म्हणून हे क्रेप निवडलं! अगं बोलायचं नाही? पूर्ण बाह्यांचं ब्लाउज शिवलं असतं, रिसेप्शन हॉलमध्ये घेतलं असतं. तुझ्या सासऱ्यांना तर अंड्याने उठतं, त्याचं कोणी काय केलं?" मग त्या एकदम पुढे वाकल्या. "ते असो. अजून आहे का एखादी? तासभर झाला, माझ्या दातांवर दात आपटतायत."

जास्तीची जोडी पिशवीत होती. पडदा नव्हता, म्हणून मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. गंजी त्यांना बसत नव्हती, तरी त्यांनी बसवली. पैठणी पुन्हा नेसवून दिली. बाहेर जाताना चांगल्या ताठ मानेने गेल्या. दारात उत्तराची आई उभी होती, रंग उडालेली. तिला म्हणाल्या, "विहीणबाई, त्या ठाण्याच्या दुकानाचा पत्ता द्या. आमच्याकडच्या सगळ्या बायका गारठल्यात."

मी म्हटलं, "ही पद्धत दुकानाची नाही, माझ्या आईची आहे. ती कोळीण आहे, ठाण्याच्या बाजारात मासळी विकते." हे म्हणायच्या आधी मी क्षणभर थांबले होते. इथे खरं लिहायचं म्हणून लिहिते, थांबले होते. त्याचं मला वाईट वाटलं.

सासूबाई म्हणाल्या, "मग त्यांना थंडीतलं कळणारच."

घरी येऊन आईला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "पोरीला चट्टे उठले नाय ना?"

"एकच."

"कुठं?"

"कानामागे."

"मंग कानावर फुलांची येनी सोडायची ना, येडे!"

२ जानेवारी १९८९

नाशिकहून सासूबाईंचं पत्र आलं. सहा जणींची मापं, आणि शेवटी: "सूनबाईचं पूर्ण बाह्यांचं ब्लाउज शिवायला टाकलंय." बाबा उरलेली साल पुन्हा मोजून बघत होते. कलावतीबाईंनी कागदावर नमुना कापला आणि नव्या खोक्यावर निळ्या पेन्सिलीने माझ्या आईचं नाव लिहिलं, शेवंती. मला म्हणाल्या, "फळा नको. खोक्यावर चालेल ना?"

चालेल. चालेल म्हणजे काय!

५ जानेवारी, गुरुवार

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. आज आईने बाजार लावलाच नाही. दुपारी दुकानात गर्दी नव्हती. मी मान वर केली तर पायरीवर आई. टोपली नाही. न्हालेली, केस ओले, हळदीच्या दिवसासाठी ठेवलेलं हिरवं लुगडं. तिने पदराचं टोक नाकाशी नेऊन मासळीचा वास येत नाही ना बघितलं, मग आत पाऊल टाकलं.

कलावतीबाई उठून उभ्या राहिल्या. "या शेवंतीबाई. बसा." त्यांनी स्वतः पाणी दिलं आणि खोकं काढून दाखवलं. "हे तुमचं नाव."

"माजा नाव खोक्यावर कशाला?" आई म्हणाली. पण अक्षरांवरून बोट फिरवलं, उजवीकडून डावीकडे.

"मालन, आईंना माप घे. त्यांना नव्या देऊ."

"मना नको. हिच्या बापाची जुनी चालते. लगीन झाल्यापासून तीच चालते."

"तुम्हाला नवी कधी घेतलीच नाही का?" बाईंनी विचारलं.

"नवी कशाला? जुनी असतच की घरान." ती हसली.

ह्या पंधरा दिवसांत मी आईची पद्धत किती जणांना समजावून सांगितली! दोन पातळ थर, स्थिर हवा, मऊ जुनं सूत. जुनं का, हे मी विचारलं नव्हतं.

पडदा ओढला. आईला मिठी मारल्याचं मला आठवत नाही, आमच्यात तशी रीत नाही. पण पाठीमागून टेप पुढे आणायला हात गोल न्यावे लागतात. ती अवघडून उभी होती, हात जरा वर, श्वास धरून. मी खोक्यांकडे बघत म्हटलं, "श्वास सोड." तिने सोडला. छत्तीस.

दोन गंज्या दिल्या, बाबांनी नव्याने रंगवलेल्यांपैकी. तिने तळहात नाही लावला, हाताची मागची बाजू लावली. "हाताला काटे हायत, धागा निगंल." मग पडद्यामागेच घातल्या, उलट्या, पुढची बाजू पाठीवर. तिच्या मापाच्या होत्या.

जाताना पायरी उतरून ती थांबली, समोर औषधवाल्याकडे बघितलं. मग रस्ता न ओलांडता ह्याच बाजूने, दुकानांच्या कडेकडेने, कोपरीच्या पुलापर्यंत गेली.